नाळेला खोबरेल की जेल? सबसेंटरवरच्या सिस्टर विचारतात

मागच्या अंकात आम्ही एवढंच म्हटलं होतं की गावात काम करणाऱ्या सिस्टर, सीएचओ (सबसेंटरवरचे म्हणजे उपकेंद्रावरचे कम्युनिटी हेल्थ ऑफिसर) आणि आशाताईंनी रिसर्च, गाईडलाईन आणि मोबाईलवरच्या माहितीबद्दल काय अडतंय ते लिहून पाठवावं. बेळगाव जिल्ह्यातनं, खानापूरपासून अथणीपर्यंत पत्रं आली, व्हॉट्सअॅप तर विचारूच नका. नावं आणि गावं आम्ही मुद्दाम काढली आहेत, तुम्हाला त्याच पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) उद्या ड्युटीला जायचंय हे आम्हाला माहीत आहे. उत्तरं दिली आहेत बरीच वर्षं नर्सिंग शिकवणाऱ्या आमच्या सल्लागार ताईंनी.

प्रश्न : नमस्कार ताई. मी खानापूर तालुक्यात जंगलाकडच्या सबसेंटरला आहे. हिकडं बाळ घरी आलं की सासवा नाळेला खोबरेल लावतात, हळद लावतात, एखाद्या घरात राख पण. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सांगितलं होतं काही लावू नका, कोरडी ठेवा. आता आमच्याकडं नवीन सीएचओ आलीय, ती म्हणायलीय नेपाळच्या रिसर्चमध्ये क्लोरहेक्सिडिन (जंतू मारणारं औषध, द्रावण नाहीतर जेल) लावून बाळं वाचलीत, आपण पण लावूया. मेडिकलमध्ये मिळतं की ओ ते. मग खरं कुठलं, ट्रेनिंग की रिसर्च?

उत्तर : सिस्टर, दोन्ही खरंच आहे, आणि घोळ तिथंच होतो.

तुमच्या सीएचओनं सांगितलेला अभ्यास खरा आहे. नेपाळच्या सरलाही जिल्ह्यात झाला, २००६ मध्ये लॅन्सेट ह्या वैद्यकीय जर्नलमध्ये छापून आला, आणि त्यात क्लोरहेक्सिडिननं नाळ पुसलेल्या बाळांत मृत्यू सुमारे २४ टक्क्यांनी कमी दिसले. नंतर बांगलादेश आणि पाकिस्तानातनं पण तशाच बातम्या आल्या, त्यामुळं सगळ्यांना वाटलं झालं, औषध सापडलं. मग २०१६ मध्ये झांबिया आणि टांझानियातल्या पेंबा बेटावरचे दोन अभ्यास आले, प्रत्येकी ३६,००० च्या वर बाळं, म्हणजे लहान काम नव्हे, आणि त्यात मृत्यू काही कमी झाले नाहीत. आता ह्यात कुणी खोटं बोललं का? नाही. नेपाळात त्यावेळी बहुतेक बाळंतपणं घरी होत होती, झांबियात बरीचशी दवाखान्यात झालेली. जागा बदलली की उत्तर बदललं.

शितावरून भाताची परीक्षा होते म्हणतात, ती भाताची होते, रिसर्चची होत नाही. म्हणून मी विद्यार्थिनींना नेहमी सांगते की वरून खाली या. आधी गाईडलाईन बघायची, तिथं नाही मिळालं तर सगळे अभ्यास एकत्र करून लिहिलेला रिव्ह्यू बघायचा, आणि अगदी शेवटी एकटा पेपर. आपण करतो नेमकं उलटं, कुणीतरी पाठवलेला एक पेपर हातात येतो आणि आपण तिथनंच सुरू होतो.

ह्या प्रश्नाला वरून आलात तर काय मिळतं बघा. डब्ल्यूएचओनं २०२२ मध्ये बाळंतपणानंतरच्या काळजीच्या शिफारशी नव्यानं काढल्या. त्यात नाळ स्वच्छ आणि कोरडी ठेवा हेच आहे, म्हणजे तुमचं ट्रेनिंग बरोबर. आणि त्याच्याच बाजूला लिहिलंय की जिथं नाळेला शेणासारखे घातक पदार्थ लावायची पद्धत सर्रास आहे, फक्त तिथंच पहिल्या आठवड्यात रोज क्लोरहेक्सिडिन लावा. म्हणजे प्रश्न आता तुमच्या गावाचा झाला, नेपाळचा राहिला नाही. तुमच्या हद्दीत खरंच किती घरांत काय लावतात? हे तुमच्याशिवाय कुणालाच माहीत नाही. घरभेटीला जाता तेव्हा वहीत एक रकाना वाढवा, नाळेला काय लावलं होतं ते विचारून लिहा, रागावून नको हं, नाहीतर आजीबाई पुढच्या वेळी सरळ "काही नाही लावलं" म्हणून मोकळ्या होतील. दोन-तीन महिन्यांचं जमलं की एमओंच्या (पीएचसीच्या डॉक्टरांच्या) पुढं ठेवा. तोवर प्रोटोकॉल तोच, कोरडी नाळ.

आणि मेडिकलमधनं स्वतः बाटली आणू नका, हे जरा कडक सांगते. एक म्हणजे दुकानात जे मिळतं ते बऱ्याचदा वेगळ्या ताकदीचं, हात धुवायचं नाहीतर चूळ भरायचं असतं, अभ्यासातलं ७.१ टक्के क्लोरहेक्सिडिन डायग्लुकोनेट वेगळं. दुसरं, नाळेचं क्लोरहेक्सिडिन डोळ्याचं औषध समजून बाळाच्या डोळ्यात घातलं गेलं आणि डोळ्यांना इजा झाली असे रिपोर्ट आफ्रिकेतल्या देशांतनं आले, डब्ल्यूएचओला त्याबद्दल इशारा काढावा लागला. घरात एकाच फडताळात सगळ्या छोट्या बाटल्या ठेवतात आपल्याकडं, कल्पना करा.

नवीन सीएचओला मात्र झापू नका. ती वाचतीय हे चांगलं आहे, तिला फक्त पुढचं पान दाखवा.

प्रश्न : निपाणीकडं असते. पेपरचं नाव मिळतं, उघडायला गेलं की तीस-पस्तीस डॉलर भरा म्हणतंय. एवढे पैसे कुठनं आणायचे? मग आमच्यासारख्यांनी वाचायचंच नाही का?

उत्तर : एक रुपया भरू नका. गूगलला पबमेड टाका, ती अमेरिकेच्या सरकारी वैद्यकीय लायब्ररीची यादी आहे, शोधायला फुकट, आणि डाव्या बाजूला फ्री फुल टेक्स्ट असं बटण आहे ते दाबलं की फुकट उघडणारेच पेपर राहतात. तिथंच सिस्टिमॅटिक रिव्ह्यू म्हणून दुसरं बटण आहे ते पण दाबा, हजारातले दहा-वीस उरतात. शोधायचे शब्द इंग्रजीतच लागतात, आणि आपला प्रश्न पूर्ण वाक्यात टाकायचा नाही, कोणाला, काय दिलं, कशाच्या तुलनेत, काय फरक पडला ह्या चारातले मुख्य शब्द तेवढे टाकायचे. स्पेलिंग लक्षात राहत नसेल तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवा, मी स्वतः अजून ठेवते.

कोक्रेनचे रिव्ह्यू माहीत असतील, १९९३ पासून ही मंडळी एकेका प्रश्नावरचे सगळे अभ्यास गोळा करून निकाल लिहितात. त्यांचा साध्या इंग्रजीतला सारांश कुणालाही फुकट वाचता येतो आणि सबसेंटरच्या कामाला बहुतेक वेळा तेवढा पुरतो. आयसीएमआरनं (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं) आजारागणिक एका पानाचे ट्रीटमेंट वर्कफ्लो काढलेत, कुठं थांबायचं आणि कधी रेफर करायचं हे त्यात बाण काढून दाखवलंय, ते पण फुकट. शिवाय जानेवारी २०२५ पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शन सुरू झालंय, सरकारी कॉलेज आणि संशोधन संस्थांतल्या लोकांना हजारो जर्नल उघडतात. तुम्हाला थेट नाही मिळत, पण सरकारी मेडिकल कॉलेजात किंवा नर्सिंग कॉलेजात शिकणारी एखादी भाची, मैत्रिणीची मुलगी असेलच की. आणि सगळ्यात सोपं म्हणजे पेपरवर लेखकाचा ईमेल असतो, दोन ओळी लिहून मागितलं तर बरेच जण पाठवतात. कुणीतरी आपलं वाचतंय म्हटल्यावर कुणाला आनंद नाही होणार?

प्रश्न : ताई, मी चिकोडी भागात वीसेक वर्षं एएनएम आहे (आता पीएचसीओ म्हणायचं, पण गावात सिस्टरच). पेपरात सगळीकडं "धोका निम्म्यानं कमी", "८० टक्के फायदा" असलं लिहितात. आम्हाला आकड्यांचं काही कळत नाही, खरं सांगायचं तर भीती वाटते. आणि दुसरं, हे सगळं अमेरिका-लंडनचं. आमच्यासारख्या बायकांवर, आमच्यासारख्या सिस्टरनी केलेलं काही असतं का?

उत्तर : असतं म्हणजे काय, तुमच्याच जिल्ह्यात आहे! हे पत्र वाचून मला इतकं बरं वाटलं की दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच पेपरातनं देते.

२००२ ते २००५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातल्या चार पीएचसींच्या हद्दीत बाळंतपणानंतरच्या रक्तस्रावावर एक अभ्यास झाला, इथलं जेएनएमसी कॉलेज आणि अमेरिकेतले संशोधक मिळून. १,६२० बायका, बाळंतपण घरी किंवा सबसेंटरला, आणि ते कोण करत होतं तर एएनएम. निम्म्या बायकांना बाळ बाहेर आल्यावर मिसोप्रोस्टॉल (गर्भाशय आवळून रक्तस्राव कमी करणारी गोळी) ६०० मायक्रोग्रॅम तोंडानं दिलं, निम्म्यांना तशीच दिसणारी खोटी गोळी, कुणाला कुठली हे ना सिस्टरला माहीत ना बाईला. रक्त नुसतं बघून अंदाजानं नाही लिहिलं, बाईच्या खाली प्लास्टिकचा ड्रेप, त्याला खाली पिशवी आणि पिशवीवर मिलिलिटरच्या रेघा, रक्त त्यात उतरायचं आणि सिस्टर रेघ बघून आकडा लिहायची. हा पेपर २००६ मध्ये लॅन्सेटमध्ये आला आणि जगभर वाचला गेला. नंतर २०११ मध्ये डब्ल्यूएचओनं मिसोप्रोस्टॉल ह्या कामासाठी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घातलं, त्यामागं जे अभ्यास होते त्यात हा एक ठळक. आणि तसल्याच रेघांच्या ड्रेपनं रक्त मोजून लगेच उपचार करायचा मोठा अभ्यास आफ्रिकेतल्या चार देशांत ८० हॉस्पिटलांत झाला, २०२३ मध्ये छापून आला, त्यात गंभीर रक्तस्राव आणि त्यातून होणाऱ्या गुंतागुंती एकत्र धरून ६० टक्क्यांनी कमी झाल्या. तुमच्या पीएचसीतल्या जुन्या, रिटायर झालेल्या सिस्टरना विचारून बघा, एखादीनं ती पिशवी हातात धरलेली असेल.

आता आकडे. गोळी न घेतलेल्यांत ५०० मिलिलिटर किंवा जास्त रक्त गेलेल्या बायका शंभरात १२, गोळी घेतलेल्यांत शंभरात ६.४. पेपरवाला लिहिणार "जवळजवळ निम्मा". चुकीचं नाही. पण तुम्ही वजाबाकी करा, १२ वजा ६.४, म्हणजे शंभर बायकांत साधारण साडेपाच बायकांचा रक्तस्राव टळला. उलट्या बाजूनं म्हणायचं तर १८ बायकांना गोळी दिली की एकीचा टळतो. हाच आकडा खरा कामाचा, कारण तुमच्या सबसेंटरला वर्षाला किती बाळंतपणं होतात ते तुम्हाला माहीत आहे आणि त्यावरनं किती बायकांचा फायदा होईल हे तुम्ही बोटावर मोजू शकता.

आता १,००० मिलिलिटरच्या वर रक्त गेलेल्या बघा, १.२ टक्क्यांवरनं ०.२ टक्के. टक्केवारी काढली तर ८० टक्क्यांच्या वर फायदा! केवढं मोठं वाटतं. वजाबाकी केली तर शंभरात एक. एक बाई पण महत्त्वाचीच आहे, पण ८० ऐकून जे डोळे मोठे होतात ते जरा जागेवर येतात. म्हणून कुठंही "इतके टक्के कमी" वाचलं की पहिलं विचारायचं, कितीवरनं किती? हे दोन आकडे ज्या बातमीत नाहीत ती बातमी बाजूला ठेवा.

मग त्रास काय झाला ते बघायचं, हे लोक विसरतात. गोळी घेतलेल्यांत निम्म्याहून जास्त बायकांना थंडी वाजून आली, न घेतलेल्यांत १७ टक्क्यांना. ताप पण थोडा जास्त. हे माहीत असलं की बाई कुडकुडायला लागल्यावर घरचे घाबरतात तेव्हा तुम्ही घाबरत नाही.

आणि शेवटी, ह्या बायका माझ्या बायकांसारख्या आहेत का? जिल्हा तोच, पण त्यावेळी घरी बाळंतपण करणाऱ्या त्या बायका, आता आपल्याकडं बहुतेक दवाखान्यात येतात जिथं रक्तस्राव टाळायचं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन असतं, आणि ते असेल तर पहिली पसंती त्यालाच आहे. म्हणून हा पेपर कितीही आपला असला तरी तो वाचून इंजेक्शन सोडून गोळीवर जायचं नाही.

आपल्या भागातलं अजून शोधायचं असेल तर बेळगावी (Belagavi) आणि बेळगाव (Belgaum) दोन्ही स्पेलिंग टाका, २०१४ च्या आधीचे पेपर जुन्या नावानं आहेत. आणि ज्यात फायदा दिसला नाही ते अभ्यास पण वाचा. बेळगावी आणि बागलकोट जिल्ह्यांत गरोदर बायकांचं बीपी घरी जाऊन, मोबाईल अॅपवर बघून वेळेत रेफर करायचा एक मोठा प्रयोग झाला, पाकिस्तान आणि मोझांबिकमध्ये पण झाला. २०२० मध्ये सगळ्यांचा एकत्र निकाल आला, आईबाळांचे मृत्यू आणि गंभीर आजार एकंदर काही कमी झाले नाहीत. असला निकाल कुणी ग्रुपवर फॉरवर्ड करत नाही. पण उद्या कुणी नवीन अॅप घेऊन तुमच्या दारात आला तर हाच निकाल तुमच्या कामाला येणार.

प्रश्न : कॅल्शियमचा स्टॉक मध्येमध्ये संपतो. एका पेपरात वाचलं की गरोदर बाईला एक गोळी पण पुरते, बेंगळुरूला सिद्ध झालंय. मग दोनच्या जागी एक दिली तर चालेल का? स्टॉक पुरेल तरी. — हुक्केरी तालुका

उत्तर : स्वतःच्या मनानं नाही. अभ्यास खरा आहे, जानेवारी २०२४ चा, बेंगळुरू आणि टांझानिया, दोन्हीकडं प्रत्येकी ११,००० बायका. रोज ५०० मिलिग्रॅम आणि रोज १,५०० मिलिग्रॅम अशी तुलना होती आणि बीपी वाढून प्री-एक्लॅम्पसिया होण्यात ५०० वाल्या मागं पडल्या नाहीत, भारतात ३ टक्के विरुद्ध ३.६ टक्के. पण सगळ्या पहिलटकरणी होत्या, तुमच्या रजिस्टरातली तिसऱ्या खेपेची बाई त्यात नाही. आणि आपण देतो ५०० च्या दोन, म्हणजे १,०००, तो डोस ह्या अभ्यासात कुठंच नव्हता! गाईडलाईन बदलायचं काम वरच्यांचं, बदलेल तेव्हा सर्क्युलर येईल. स्टॉक संपतो ही वेगळी तक्रार आहे, ती लेखी इंडेंटमध्ये (औषधांच्या मागणीपत्रात) करा, बायकांच्या डोसमध्ये नको. हां, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी घेऊ देऊ नका, त्यात दोन-एक तासांचं अंतर पाहिजे, निदान ते तरी पक्कं बघा.

प्रश्न : अंगणवाडीत एका बापानं मोबाईलवर पीडीएफ दाखवली, गोवर-रुबेलाच्या लशीनं मूल मतिमंद होतं म्हणून, वर इंग्रजी जर्नलचं नाव. मला काही बोलताच आलं नाही.

उत्तर : २०१७ च्या फेब्रुवारीत कर्नाटकात एमआर मोहीम झाली तेव्हापासून हे फिरतंय. ह्या सगळ्याचं मूळ म्हणजे १९९८ चा लंडनचा एक पेपर, गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीवरचा, ऑटिझमबद्दल (स्वमग्नतेबद्दल), त्यात मुलं किती तर १२. जर्नलनं तो २०१० मध्ये रद्द केला आणि लिहिणाऱ्या डॉक्टरचं लायसन्स गेलं. उलट डेन्मार्कमध्ये ६,५७,४६१ मुलांचा हिशोब बघितला, २०१९ मध्ये छापला, ऑटिझमचा धोका वाढलेला दिसला नाही. पबमेडवर रद्द झालेल्या पेपरवर तसं ठळक लिहिलेलं असतं, बापाच्या समोरच पेपरचं नाव टाकून उघडून दाखवा, तुमच्या बोलण्यापेक्षा ते लवकर पटतं. वाद घालू नका. आणि १२ आणि साडेसहा लाख हे दोन आकडे पाठ करून ठेवा.

प्रश्न : मी चॅटजीपीटीला विचारते, पेपरच्या नावासकट सगळं मराठीत सांगतंय. मग पबमेड कशाला पाहिजे? — अथणी, सीएचओ

उत्तर : शब्द शोधायला, इंग्रजी सारांश समजून घ्यायला वापरा की, मी पण वापरते. पण ते पेपरचं नाव कधीकधी स्वतः तयार करतं, लेखक, साल, जर्नल सगळं अगदी खऱ्यासारखं आणि पेपर जगात कुठंच नाही. म्हणून त्यानं दिलेलं प्रत्येक नाव पबमेडला टाकून बघायचं, नाही सापडलं तर सोडून द्यायचं. डोस तर अजिबात त्याला विचारून द्यायचा नाही. आणि पेशंटचं नाव, फोटो, रिपोर्ट त्यात टाकू नका, बाई तुमच्यावर विश्वास ठेवून आलेली असते.

प्रश्न : काही सुचवलं की आमचे एमओ म्हणतात "तू इंजेक्शन दे, रिसर्च आम्ही बघतो." पुढं काय करायचं? नाव छापू नका.

उत्तर : नाही छापत. थोडं माझ्यावरनं सांगते, डॉक्टरांच्या पुढं पेपर घेऊन गेलं की त्यांना वाटतं ही मला शिकवायला आली. प्रश्न घेऊन गेलं की ऐकतात. "सर, गेल्या तिमाहीत आपल्याकडं नऊ बाळंतिणींचं हिमोग्लोबिन आठच्या खाली होतं, गोळ्या नेल्या पण खाल्ल्या नाहीत, ह्याबद्दल गाईडलाईनमध्ये काय आहे ते मी बघितलंय, दाखवू का?" असं. आकडा तुमच्या रजिस्टरचा, गाईडलाईन सरकारची, ह्यात तुमचं मत कुठं आलंच नाही. अर्धं पान लिहा, त्यात प्रश्न, गाईडलाईनचं नाव, साल, पान नंबर आणि आपण काय करू शकतो याची एक ओळ. जमलं तर कानडीत, मीटिंगच्या मिनिट्समध्ये तसंच्या तसं चिकटवता येतं आणि मिनिट्समध्ये आलेलं नाकारणं जड जातं. सगळ्यांच्या समोर नको, चहाच्या वेळेला.

तरीही नाही ऐकलं तर? काही ठिकाणी नाहीच ऐकत, खोटं कशाला सांगू. तिथं आपल्या अखत्यारीतलं, म्हणजे हात धुणं, बीपी नीट मोजणं, बाळ आईच्या अंगाशी ठेवणं, ह्यातलं करत राहा, त्याला परवानगी लागत नाही.

प्रश्न : ईमेल आलाय, माझा रक्तक्षयावरचा प्रोजेक्ट पाच दिवसांत इंटरनॅशनल जर्नलमध्ये छापतो, फी भरा. भरू का? प्रमोशनला उपयोग होईल असं वाटतंय.

उत्तर : नको. दुसऱ्या जाणकारांकडनं नीट तपासून घ्यायला आठवडे नाहीतर महिने लागतात, पाच दिवसांत होते ती फक्त फीची पावती. फी घेणारं प्रत्येक जर्नल खोटं नसतं हे पण खरं, म्हणून जर्नलचं नाव डीओएजे नावाच्या, फुकट वाचता येणाऱ्या जर्नलांच्या तपासलेल्या यादीत आहे का बघा, आणि त्यांच्या संपादक मंडळातल्या एखाद्याला वेगळा ईमेल करून विचारा की तुम्ही खरंच आहात का तिथं. तुमचा प्रोजेक्ट मला पाठवा, बघून सांगते कुठं देता येईल, आणि त्याआधी तालुका मीटिंगमध्ये एकदा मांडा, त्याला फी लागत नाही.